उजव्या बाजूची रेघ

सन दोन हजार, वैशाख महिना. मला बासष्टावं चालू होतं, आई सांगायची त्या हिशेबाने. शाळेच्या दाखल्यावर एक वर्ष जास्त लागलं आहे, पण दाखला मास्तरांनी अंदाजाने लिहिला आणि जन्म मला आईने दिला, म्हणून आईचं खरं.

आमचं गाव जूचंद्रच्या पलीकडे, खाडीच्या अंगाला. जमीन खारी. खाडी आणि भातशेत यांच्या मधे मातीचा बांध, आणि बांधात एक उघाडी, म्हणजे लाकडी फळ्यांचं दार. ओहोटीला फळ्या काढायच्या, शेतातलं पाणी खाडीत उतरतं. भरतीला फळ्या घालायच्या, खाडी बाहेर राहते. खाडीचं पाणी एकदा आत शिरलं की दोन-तीन वर्षं त्या जमिनीत भात होत नाही. बाप गेल्यावर आम्हा दोघा भावांच्या वाटण्या झाल्या. शेत वाटलं, भांडी वाटली, आंब्याचं झाडसुद्धा फांद्या मोजून वाटलं. बांध तेवढा वाटता आला नाही. तो दोघांचा राहिला.

बांधावर बोलून भागत नाही. वारा शब्द खातो. म्हणून आमच्याकडे प्रत्येक घराची हाळी असते. तिच्यात शब्द नसतो, नुसता आवाज. माझी हाळी दोन लांब. धाकट्या भावाची एक लांब आणि शेवटी दोन तुटक, जसा कोंबडा आरवता आरवता शिंकला. उधाणाच्या भरतीला दोघांनी बांधाच्या दोन टोकांना उभं राहायचं आणि मधून मधून हाळी द्यायची. तिचा अर्थ एवढाच की मी माझ्या जागेवर आहे, तू आहेस का? हाळीला हाळीने उत्तर द्यायचंच. भांडण असलं तरी द्यायचं. माझा बाप आणि माझा काका सहा वर्षं एकमेकांच्या दारात गेले नव्हते, पण बांधावर हाळी चुकवली नाही.

त्या वैशाखात आम्ही बांधाला माती घालत होतो. चिंबोऱ्यांनी, म्हणजे खेकड्यांनी, बिळं पाडून बांध पोखरला होता. भाऊ माझ्यापेक्षा सहा वर्षांनी लहान, त्याला मी बारक्याच म्हणतो, त्याला नातू झाला तरी.

"दादा, तुजी टोपली अर्दीच भरलीय रं," तो म्हणाला.

"अर्दी माजी, अर्दी तुजी. वाटनी तशीच झालीय."

"मंग माजी अर्दी तूच उचल. तू मोटा."

हे त्याचं मला नीट ऐकू आलेलं शेवटचं बोलणं. आठवण ठेवायची म्हणून मी ते ऐकलं नव्हतं. तसं माहीत असतं तर आणखी थोडं बोलत बसलो असतो.

दुपारी डोळ्यांपुढे अंधारी आली. टोपली ठेवून मी बांधावर बसलो. बारक्या धावत आला, माझ्या तोंडावर पाणी मारलं आणि काहीतरी बोलला. त्याचं तोंड हलत होतं, आवाज येत होता, पण त्यात बोलणं नव्हतं. रेडिओची सुई दोन स्टेशनांच्या मधे अडकली की आत कुणीतरी बोलतंय एवढं समजतं, काय बोलतंय ते समजत नाही, तसं. मी म्हटलं, "ऊन लागला." बोलायला मला काही अडलं नाही. माझंच बोलणं माझ्या कानाला परकं लागलं, पण तोंडाला सवय होती, ते बोललं.

संध्याकाळी उतरेल म्हटलं. सकाळी उतरेल म्हटलं. उतरलं नाही. कावळा ओरडला तर कावळा कळायचा. कुकरची शिट्टी, उघाडीच्या फळ्यांची करकर, बायकोच्या बांगड्या, पलीकडे नव्या इमारतींचं काम चाललं होतं तिथल्या मशीनची धडधड, सगळं जसंच्या तसं. माणूस बोलायला लागला की मात्र नुसता चिखल.

कुणाला सांगितलं नाही. आमच्या आळीत एक म्हातारा शेवटी शेवटी स्वतःच्या मुलाला भाडेकरू समजायचा. लोक त्याला मुद्दाम काहीबाही विचारायचे आणि तो उत्तर देईपर्यंत हसू दाबून उभे राहायचे. मीही उभा राहिलो आहे त्यांच्यात. आता माझ्या दारात तसे लोक उभे राहायला नको होते.

मग मी एक शब्द धरला. "बघू." कुणी काही विचारलं की बघू. तोंड हसरं असेल तर हसून बघू, कपाळाला आठी असेल तर खाली बघून बघू. तुम्हाला पटणार नाही, पण सहा महिने या एका शब्दावर माझा संसार चालला. त्याचं कारण असं की तरुणपणापासून मी कुणाला एका सांगण्यात हो म्हटलेलं नाही. हा माणूस हट्टी, हे गावाला पाठ होतं. त्यामुळे माझ्यात काही बदल झालाय असं कुणाला वाटलंच नाही. माझ्या स्वभावाने मला झाकलं.

पण दमायला व्हायचं. तुम्ही कधी दिवसभर तोंडं वाचलीत का? समोरचा हसतोय का, भुवई वर गेली का, बोट कुठे दाखवतोय, शेवटी आवाज चढला का पडला. चढला तर तो प्रश्न असणार, बघू म्हणायचं. पडला तर नुसती मान हलवायची. चार माणसं ओट्यावर बसली की माझा जीव थकून जायचा. चिखलाच्या शंभर टोपल्या वाहिल्यावर जेवढा थकलो नसेन तेवढा मी एका चहाच्या बैठकीत थकायचो. मग मी बसणंच सोडलं. बांधावर जाऊन बसायचो. तिथे पाण्याचा आवाज असायचा, आणि पाणी काही विचारत नाही.

दसरा होऊन गेल्यावर एका संध्याकाळी बारक्या आला. अंगावर धुतलेला सदरा. सुनेने चहा ठेवला. तो माझ्याजवळ सरकून बसला आणि खूप बोलला. तोंडावर आनंद होता. मी हसून म्हटलं, "बघू." त्याच्या तोंडावरचा आनंद जरा हलला. पुन्हा काहीतरी बोलला, यावेळी हळू, माझ्या गुडघ्यावर हात ठेवून. त्याचा आवाज शेवटी चढला, म्हणजे प्रश्न होता. मला वाटलं, उघाडीच्या दोन फळ्या कुजल्या होत्या, त्याविषयी असेल. फळ्यांची पाळी त्याची होती. मी म्हटलं, "तुजा तू बघ."

त्याने गुडघ्यावरचा हात काढला. चहा तसाच ठेवला. अंगणातून जाताना एकदाही मागे वळला नाही.

त्यानंतर बायको आठ-दहा दिवस मला काहीतरी बोलत होती. शब्द कळत नव्हते, पण चाळीस वर्षांनी बायकोच्या रागाची चाल शब्दांशिवाय पाठ असते. मी काहीतरी वाईट केलं होतं एवढं समजलं. काय केलं, ते विचारायचं तर आधी सांगावं लागलं असतं की मला कळलं नाही. ते तोंडातून निघेना.

पुढच्या अमावास्येला उधाणाची भरती होती, भर दुपारी. मी माझ्या टोकाला उभा राहिलो. पलीकडे बारक्याचा सदरा दिसत होता. मी हाळी दिली, दोन लांब. उत्तर नाही. वारा असेल म्हणून थोडं पुढे जाऊन पुन्हा दिली. तो बघत होता माझ्याकडे. उत्तर आलं नाही. मग त्याने पाठ केली आणि चिखलात काठी खुपसत बसला.

बाप आणि काकाच्या सहा वर्षांत जे झालं नव्हतं ते आमच्यात झालं. मी परत हाळी दिली नाही. मलाही पाठ आहे.

माझं बिंग सुनेने फोडलं. ती दहावी शिकलेली, विरारची, जिभेने तिखट आणि डोळ्याने त्याहून तिखट. कार्तिकात एका सकाळी मी जेवायला बसलो होतो, ती मागे चुलीपाशी. तिने काय केलं ते मला नंतर लिहून दाखवलं. आधी गोड आवाजात म्हणाली, "बाबा, आज भाजीत साबण टाकलाय."

मी म्हटलं, "बघू."

"आणि आईंनी घर विकलं."

"बघू."

तिसरं काय म्हटलं ते तिने पाटीवर लिहून पुसलं, मग पुन्हा बारीक अक्षरात लिहिलं: "तुम्ही गाढव आहात म्हटलं. मुद्दाम म्हटलं. राग मानू नका." त्यालाही मी "बघू"च म्हटलं होतं.

मग तिने पळी खाली टाकली. मी लगेच वळलो, "काय पाडलास गं?" तिथे तिला कळलं की सासरा बहिरा नाही आणि सासरा ऐकतही नाही, हे काहीतरी तिसरंच आहे. तिने पाटी आणून समोर धरली: "बाबा, मी बोलते ते कळतं का?"

मी पाटी उलटी केली. "मना या वयात बिगरीत बसवतेस?" म्हटलं आणि बांधावर निघून गेलो. ती रोज पाटी धरायची, मी रोज उलटी करायचो. पण तिने मुलाला सांगितलं होतं.

वसईच्या कानाच्या डॉक्टरकडे नेलं. त्याने कानात दिवा घालून पाहिलं, डोक्यावर फोन लावून टिंग टिंग वाजवलं, वाजलं की बोट वर. माझं बोट एकदाही चुकलं नाही. मला वाटलं पास झालो. मुलाच्याच हट्टाने ऐकायचं यंत्र लावून पाहिलं. आधी जे कळत नव्हतं ते आता मोठ्याने कळत नव्हतं. दोन दिवसांनी यंत्र सुईदोऱ्याच्या डब्यात गेलं. त्या डॉक्टरानेच चिठ्ठी दिली की कान शाबूत आहेत, मुंबईच्या मोठ्या इस्पितळात डोक्याची तपासणी करा.

डोक्याची, हे वाचून मी दोन महिने गेलो नाही. माघात मुलाने रजा टाकली आणि सकाळी माझी टोपी हातात घेऊन उभाच राहिला. तेव्हा गेलो.

तिथे एक तरुण डॉक्टरीण होती. माझ्या लेकीला शोभेल एवढं वय. तिने मुलाशी दोन शब्द बोलून घेतले आणि मग मुलाला बाजूला बसवून कागद-पेन घेऊन माझ्यासमोर बसली. लिहिलं: "काका, वाचता येतं ना?"

"चौथी झालीय. तवाची चौथी."

ती हसली. पुढचं मोठ्या अक्षरात लिहीत गेली आणि मी अक्षराला अक्षर लावेपर्यंत थांबत गेली. घाई नाही की मान वळवून घड्याळ पाहणं नाही. असं थांबणारं माणूस मला नऊ महिन्यांत भेटलं नव्हतं. मी भेटू दिलं नव्हतं म्हणा.

डोक्यावर केस बाजूला करून करून तिच्या मदतनिसाने काहीतरी खरखरीत मलम घासलं आणि तारा चिकटवल्या. डाव्या बाजूला, उजव्या बाजूला, मधोमध, कानामागे. मुलगा माझ्याकडे बघून तोंड दाबत होता. मी म्हटलं, "हास. तुजा पन दिवस येल." तिने लिहिलं: "आवाज येतील. तुम्ही काही करू नका. शांत बसा. दात आवळू नका."

आधी नुसतं टिक टिक. मग पीं पीं, बारीक आणि जाड. मग एका बाईचा आवाज, पुन्हा पुन्हा तोच, एकसारखा. तो मला चिखलात खडा पडल्यासारखा वाटला. पुन्हा खडा, पुन्हा खडा. तो "बा" होता आणि मधून मधून "दा" होता हे मला नंतर कळलं. तेव्हा मला एवढंच कळलं की हे बोलणं आहे आणि हे मला येत नाही. म्हणून मी सवयीने मान हलवली. म्हटलं, "हो, बघू."

तिने आवाज थांबवला. आत आली. कागदावर लिहिलं: "काका, बोलू नका. मान हलवू नका. तुम्ही उत्तर द्यायचं नाही. तुमचं डोकं आपोआप उत्तर देतं, ते आम्हाला तारांतून दिसतं."

मी ते दोनदा वाचलं. एवढे महिने मी तोंडाने सावरून घेतलं होतं. इथे तोंडाला कुणी विचारतच नव्हतं. डोक्याला बघू म्हणता येत नाही.

मी हात मांडीवर ठेवले आणि बसून राहिलो. शेकडो वेळा तो खडा पडला असेल. एका आवाजाने डोक्याची रेघ ओळखू येत नाही म्हणे, आतला दुसरा गलबला फार असतो. तोच आवाज पुन्हा पुन्हा द्यायचा, मग गलबला बसतो आणि खरं उत्तर वर येतं. गढूळ पाण्याचा तांब्या ठेवून दिल्यासारखं.

शेवटी तिने मुलाला काहीतरी विचारलं. मुलाने जरा विचार केला, उठला, दार लावलं, आणि तिच्या माईकपुढे तोंड नेऊन हाळी दिली. एक लांब, दोन तुटक. बारक्याची हाळी. लहानपणी तो काकाच्या मागे मागे बांधावर फिरायचा, त्याला ती बापाच्या हाळीपेक्षा चांगली जमते. मला काही सुचायच्या आत माझ्या तोंडून दोन लांब निघाले, तारांसकट. बाहेरून वॉर्डबॉय दार ढकलून आत आला, त्याच्यामागे आणखी दोघं. त्यांनी डॉक्टरणीला काय विचारलं ठाऊक नाही, पण ती हसून हसून टेबलाला टेकली होती.

तिने ती हाळी भरून घेतली होती, तीच मग मला पुन्हा पुन्हा ऐकवली. यावेळी मी दात न आवळता गप्प बसलो. फार अवघड गेलं. हाळी येतेय आणि उत्तर द्यायचं नाही. बारक्या बांधावर पाठ करून बसला होता तेव्हा त्याला कसं गेलं असेल, हे पहिल्यांदा माझ्या मनात आलं. तोवर मी फक्त माझं धरून बसलो होतो.

दुपारनंतर तिने कागद दाखवला. रेघाच रेघा. डाव्या बाजूच्या एका ओळीत, उजव्या बाजूच्या एका ओळीत. पीं पीं होतं तिथे दोन्हीकडे रेघ उठली होती. "बा" होता तिथे उजवीकडे थोडी उठली, आणि डावीकडे आडवी, नुसती आडवी. भरती ओसरल्यावरचा चिखल. मग हाळी. डावीकडे बारीकसा उंचवटा. उजवीकडे ती रेघ अशी उभी राहिली होती की मला कुणी समजावून सांगायची गरज पडली नाही.

तिने तरी लिहिलं. बहुतेक माणसांत बोलण्याचे आवाज डोक्याची डावी बाजू ओळखते. सूर, चढउतार, हाक, हे उजवीकडे जास्त. दोन्ही बाजू सगळं ऐकतात, पण कामं थोडी वाटून घेतलेली असतात. तुमच्या डाव्या बाजूला एक छोटा झटका येऊन गेला आहे. त्या ऊन लागलेल्या दिवशी असेल.

"पन डाव्या कानानं तर मी आयकतंय?"

"डाव्या कानाचं जास्त करून उजवीकडे जातं, उजव्या कानाचं डावीकडे."

"हे कोनी ठरवला?" मी विचारलं.

मी पुढचं विचारलं, जे विचारायला नऊ महिने घाबरत होतो. "डोका जातंय का माजा?"

तिने लगेच लिहिलं: "नाही. तुम्ही वाचता, बोलता, मला चिडवता. फक्त एक दार बंद झालंय."

"उघडेल?"

तिने काहीतरी लिहिलं, खोडलं, परत लिहिलं. "थोडं उघडू शकतं. पण नऊ महिने झालेत. फार आशा लावू नका. घरच्यांना सांगा, म्हणजे ते लिहून बोलतील." खाली आणखी एक ओळ होती: "हाळीची रेघ मी माझ्या हौसेने काढली. एका माणसावरून काही सिद्ध होत नाही." मला कुठे काही सिद्ध करायचं होतं! मी तो कागद मागून घेतला.

लोकांना वाटेल मला हलकं वाटलं असेल. नाही वाटलं. दमल्यासारखं वाटलं, फक्त वेगळं. खोटं ओझं उतरवून खरं ओझं डोक्यावर घेतलं, एवढाच फरक. परतीच्या वाटेत मुलगा माझ्या शेजारी बसला होता. त्याच्या खांद्याला डोकं लागलं तेव्हा उचललं नाही.

घरी आल्यावर मी सुनेला म्हटलं, "पाटी आन."

ती धावत गेली. मी विचारलं, "दसऱ्यानंतर बारक्या आलेला. काय बोलला तो?"

तिने त्या दिवशी चहा ठेवता ठेवता सगळं ऐकलं होतं, आणि घरातल्या सगळ्यांसारखं तिलाही वाटलं होतं की दोघा भावांमधे बांधावरून काही धुसफुस असणार, त्याचा हा बदला; माझं दुखणं दसऱ्याच्याही आधीचं, हे तिला आज कळलं. पाटी लहान. तिला तीनदा पुसून लिहावं लागलं.

पहिल्यांदा: "दादा, पोरीचा जमला. पावने सुपारी फोडायला येनार. बाप नाय, बापाच्या जागी तू. सुपारी तूच फोडाची." खाली तिने लिहिलं: "तुम्ही म्हणालात, बघू."

दुसऱ्यांदा: "बरा, तवा जमत नसंल तर लग्नाच्या मांडवाची मेढ तरी तू रोवशील ना?" खाली: "तुम्ही म्हणालात, तुजा तू बघ."

आमच्यात मांडवाची पहिली मेढ घरातल्या वडीलधाऱ्याने रोवायची. उंबराची डहाळी बांधून, त्याने खणलेल्या खड्ड्यात. ती मेढ दुसऱ्या घरच्या माणसाने रोवली म्हणजे त्या घरात वडील माणूस उरला नाही. आणि मी जिवंत असताना माझ्या तोंडाने मी ते सांगून बसलो होतो.

तिसऱ्यांदा पाटीवर होतं: "उद्या सकाळी मांडव आहे. मेढ काकांचे मेहुणे रोवणार. आपल्याला आमंत्रण नाही."

मी पाटी मांडीवर ठेवून बसलो. बायको समोर येऊन बसली होती, डोळ्याला पदर. मुलाने तिला सगळं सांगितलं असणार. ती काहीतरी बोलली आणि सून एकदम हसायला लागली. मी पाटी पुढे केली. सुनेने लिहिलं: "आई म्हणतात, चालीस वर्सं माजा आयकला नाय, आथा त्याचा दाखला डाक्तरकडून आनलाय."

"सांग तिला, मूळ कागद हाये माज्याकडं, रेघांसकट."

सुनेने मग लिहिलं: "मी जाऊन काकांना सांगू का?"

"नको."

"चिठ्ठी द्या मग."

बारक्याला वाचता येत नाही. मी चौथीपर्यंत शाळेत गेलो तेव्हा बांधावरचं माझ्या वाटणीचं जे काम राहिलं, ते बापाने पुढे त्याच्याकडून करून घेतलं. एक पोर शाळेत, एक पोर बांधावर, असं ठरवलं होतं बापाने. माझी चौथी आहे तिच्यात त्याची बिगरीसुद्धा गेलेली आहे. आता माझ्याशी पाटीवर बोलता येणार नाही असा घरच्यांत एकच माणूस, तो हाच.

आणि दुसऱ्याच्या तोंडून गेलं असतं तर त्याला वाटलं असतं की दादाने निमित्त शोधून पाठवलं. मलाच जायला हवं होतं. माझं मी बोलणार, आणि त्याने दिलेलं उत्तर मला कळणार नाही. आणि हे सगळं मांडवाला जमलेल्या भाऊकीसमोर. ज्या लोकांना हसायला मिळू नये म्हणून नऊ महिने मी जीभ आवळली, ते सगळे तिथे असणार होते.

दुसऱ्या दिवशी सकाळी मी आंघोळ केली, टोपी घातली आणि माडीच्या कोपऱ्यातली बापाची पहार घेतली. एकटा निघालो. बायको मागून काहीतरी म्हणाली. चाल रागाची नव्हती.

बारक्याच्या अंगणात बांबू येऊन पडले होते. उंबराची डहाळी पाण्याच्या बादलीत. त्याचा मेहुणा, धिप्पाड माणूस, जागा बघून पहार हातात घेऊन उभाच होता. मला बघून सगळे गप्प झाले. गप्प झालेलं मला कळतं.

बारक्या ओट्यावर होता. मी अंगणाच्या मधोमध उभा राहिलो आणि सगळ्यांना ऐकू जाईल असं म्हटलं, "वैशाखात मना झटका आला. तवापासून मना मानसाचा बोलना कलत नाय. आवाज आयकू येतंय, शबूद कलत नाय. तू पोरीचा सांगायला आलास तवा पन कलला नाय. मी लपवला. चूक माजी."

तो उठला. बोलायला लागला. बराच वेळ बोलला, हात उडवून. आधीचं सगळं शिव्यांचं होतं. मधे एक प्रश्न. मग परत शिव्या. कुणीतरी त्याला धरायला पुढे आलं.

मी म्हटलं, "शिव्या देतोस येवढा कलतंय. कंच्या देतोस त्या कलत नाय."

मागे कुणीतरी हसलं. हसू दे म्हटलं. बारक्या बोलायचा थांबला. ओट्यावरून खाली उतरला, माझ्या तोंडाजवळ तोंड आणून काहीतरी हळू बोलला, मी मान हलवली नाही, बघू म्हटलं नाही. नुसता उभा राहिलो. तो जरा वेळ माझ्या डोळ्यांत बघत राहिला. मग दोन पावलं मागे गेला, मान वर केली आणि हाळी दिली. एक लांब, दोन तुटक. आमच्यात दोन हातांचं अंतर होतं आणि त्याने ती अशी दिली जशी मधे सगळी खाडी आहे.

मी उत्तर दिलं.

मेहुण्याने आपली पहार भिंतीला टेकवून ठेवली. मी त्याने आखलेली जागा सोडून एक पाऊल उजवीकडे खणायला घेतलं, कारण त्याने जागा चुकीची धरली होती. जमीन कडक होती. हातभर खोल गेल्यावर कमरेतून कळ आली. बारक्याने पहार मागायला हात पुढे केला. मी दिली नाही. खड्डा पुरा करूनच थांबलो.